दुसऱ्यांदा आई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी माझ्या आजीविषयी बोलणार आहे. तिच्या नावावर कुठलं पद नाही, पुरस्कार नाही. सही करायची वेळ आली की ती अंगठा पुढं करायची. गाव किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर. आमच्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, 'तुमच्या घरचे...?' गेली तीसहून अधिक वर्षं मी हा प्रश्न ऐकतो आहे. दर वेळी मी दोन शब्दांत उत्तर देऊन विषय बदलतो. आज जरा सविस्तर देतो.

आजीला आम्ही माय म्हणत असू. वडील तिला माय म्हणायचे, ते ऐकून आम्हीही. आईला आम्ही बाई म्हणायचो. आमच्या भागात यात वेगळं काही नव्हतं. पुढं मात्र ही हाक अक्षरशः खरी झाली.

मायचं वय नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. 'पोलीस ॲक्शन झाली तवा मी शेरडं राखत होते,' एवढं ती सांगायची. म्हणजे १९४८ साली, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला तेव्हा, ती आठ-नऊ वर्षांची असावी. लग्न लवकर झालं आणि आजोबाही लवकर गेले. पदरात दोन लेकरं, माझे वडील आणि आत्या. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळणारी सुकडी ती स्वतः खात नसे, पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची. वडील आम्हाला हे सांगायला लागले की ती चुलीपुढून ओरडायची, 'मला गोड आवडत न्हाई म्हनून आनत होते.' पुढं मी तिला गुळाचा खडा तोंडात टाकून डोळे मिटताना कितीदा तरी पाहिलं आहे.

हे तिचं पहिलं आईपण. ते तिनं निभावलं. वडील शिकले, शेतीत उभे राहिले. आत्या चांगल्या घरी पडली. आम्ही तीन नातवंडं झालो. १९९३ साली माय पंचावन्नच्या आसपास होती. आता तिनं नातवंडं खेळवावीत, सुनेच्या हातची भाकरी खावी, असे दिवस आले होते.

पण त्याआधीच, १९९२ च्या पावसाळ्यापासून, गावाखालून आवाज यायला लागले होते. जमिनीच्या पोटात कुणी जातं ओढतंय असं वाटायचं. फळीवरची भांडी किणकिणायची. ऑक्टोबरात एक चांगलाच धक्का बसला. लोकांनी रात्री अंगणात, खळ्यात, शेतात काढल्या. मग धक्के कमी झाले, भीती विरली, थंडी वाढली आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले.

माय परतली नाही. गावाच्या कडेला आमचा गोठा होता आणि त्याच्यापुढं मोकळं आवार. तिथं तिनं बाज टाकली ती टाकलीच. पाऊस आला की गोठ्याच्या पत्र्याखाली सरकायची. सगळे तिला हसायचे. वडील म्हणायचे, 'माय, भूकंप तुला इचारून येनार हाय का?' मी तेव्हा चौथीत होतो, बहीण तीन वर्षांची. आम्ही दोघं गोष्टींच्या लोभानं तिच्याजवळ झोपायला जायचो.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून यायला रात्र झाली. वडील गुलालानं माखले होते. मी झोपेनं पेंगत होतो, तर त्यांनीच मला खांद्यावर टाकलं, गोठ्यापर्यंत आणलं, बाजेवर ठेवलं आणि ते घरी गेले. घरात बाई होती आणि पाळण्यात आमचा लहान भाऊ.

पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ते झालं. माझ्या आठवणीत बाज उधळली आहे आणि मायचा हात माझ्या दंडात रुतला आहे. मग धूळ. गाव होता त्या बाजूनं आधी कसलाच आवाज आला नाही. आवाज नंतर सुरू झाले.

आमच्याकडची जुनी घरं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. हात-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये जोडायला फक्त चिखल, आणि वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हे घर गार राहतं. पाऊस गळू नये म्हणून माळवदावर दर काही वर्षांनी आणखी माती घालायची, म्हणजे डोक्यावरचं ओझं वाढतच जायचं. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना धरून ठेवणारे लांब जोडदगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसला तसे भिंतीचे दोन पदर फाकले, आणि दगड-माती झोपलेल्यांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. आकडा दहा हजारांपर्यंतही सांगितला जातो. आमच्या घरची तीन त्यांत आहेत.

त्या दिवशी मायनं आम्हाला घराकडं नेलं नाही. ती स्वतः गेली, आली, परत गेली. दुपारी ती आली तेव्हा तिच्या हाताची नखं तुटलेली होती. तिनं कुणाशी काही न बोलता हात धुतले आणि म्हैस पिळायला बसली. कास भरून म्हैस सकाळपासून ओरडत होती. आवारात तोवर आजूबाजूची पाच-सात लेकरं गोळा झाली होती. कुणाचं कोण उरलं याचा अजून पत्ता नव्हता. मायनं एकेकाला पेल्यानं दूध पाजलं. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, 'बाई कुठंय?' ती म्हणाली, 'आधी पी.'

मी पुष्कळदा विचार करतो, की तिचं दुसरं आईपण नेमकं कधी सुरू झालं? मला वाटतं त्याच वेळी, त्या पेल्यापाशी. तिचा एकुलता एक मुलगा काही पावलांवर मातीखाली होता. पुढं पाऊस लागला. सरणाला कोरडं लाकूड मिळेना. पडलेल्या माळवदांच्या तुळयाच सरणाला लागल्या. ते सगळं तिनं पाहिलं. आणि आम्हाला न्हाऊ-माखू घालायचं, खाऊ घालायचं, अंगावर पांघरूण ओढायचं काम त्याच दिवशी हाती घेतलं.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. दिवसा तापायचं, पावसात वर कुणी गोटे ओततंय असा आवाज व्हायचा. सरकारी मदतीची रक्कम आम्हा भावंडांच्या नावानं बँकेत ठेवली गेली. त्यानंतर आम्हाला सांभाळायला तयार असलेले नातेवाईक अचानक वाढले. एक जण म्हणाले, 'माय, तुम्ही थकलात, लेकरं आमच्याकडं द्या. पासबुक पण द्या, म्हंजे आमाला बघता येईल.' मायनं त्यांना जेवू घातलं, एस.टी.पर्यंत सोडायला गेली आणि परत येऊन पासबुक पिठाच्या डब्यात तळाशी ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. दर महिन्याला ती माझ्यासमोर ते उघडून धरायची आणि विचारायची, 'हितं काय लिवलंय? कमी झालंय का?' आम्ही मोठे होईपर्यंत त्यातला एक रुपया तिनं काढला नाही. ती लोकांच्या शेतात खुरपायला जायची.

जानेवारी आला. येळवस आली. लातूर-धाराशिवकडचे श्रोते जाणतात, मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं दिवाळीहून मोठी. गाव ओस पडतं आणि शेतं भरून जातात. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा आणि वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालायचं. त्या वर्षी कुणाच्या मनात येळवस नव्हती. शेडमधल्या बायका म्हणाल्या, 'आत्या, औंदा कसली येळवस?' माय म्हणाली, 'लेकरांनी काय केलंय?' मदतीत आलेल्या डाळी, कुणाच्या रानातली मेथी, कुणाकडचं ताक असं गोळा करून तिनं रात्रभर स्वयंपाक केला. तिचं बघून आणखी दोन-तीन चुली पेटल्या. आंबिलाचं बिंदगं घरच्या पुरुषानं डोक्यावर घेऊन रानात जायचं असतं. आमच्याकडं ते वडील न्यायचे. सकाळी मायनं माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर अर्धंच भरलेलं बिंदगं ठेवलं आणि म्हणाली, 'सांडलं तर सांडू दे, पन मागं बघू नको.' मी नऊ वर्षांचा होतो. आंबील माझ्या मानेवरून पाठीवर ओघळत होती. मागून ती बहिणीला कडेवर घेऊन येत होती. तिचं रडणं मला ऐकू येत होतं, म्हणूनच तिनं मागं बघू नको म्हटलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

श्रोतेहो, आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

भूकंपानंतर मुलांच्या शिक्षणासाठी अनेक हात पुढं आले. भारतीय जैन संघटनेनं तर या भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेली आणि शिकवली. इतरही वसतिगृहं होती. १९९४ च्या जूनमध्ये माझ्यासाठी पुण्यातल्या एका वसतिगृहाचा निरोप आला. मला वाटलं माय नाही म्हणेल. पासबुकासाठी आलेल्यांना जिनं वाटेला लावलं, ती मला कशी सोडेल? माय म्हणाली, 'जा.' मी रडलो, शेडच्या खांबाला मिठी मारली. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. बहिणीला तिनं ठेवून घेतलं, आणि मला दिलं. माझ्या मनात हे असंच बसलं. एकाचंच पोट भरणं तिला जमणार होतं आणि तिनं तिला निवडलं, असा मी हिशेब केला.

ती वर्षातून दोन-तीनदा भेटायला यायची. रात्रीच्या एस.टी.नं. कुणी म्हणालं, म्हातारपणी रात्रीचा प्रवास कशाला, तर म्हणायची, 'चार वाजता जागीच असते मी. मंग घरात काय आन गाडीत काय.' फडक्यात ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादा गुळाचा खडा. आली की आधी वसतिगृहाच्या बाईंना गाठायची आणि एकच प्रश्न विचारायची, 'लेकरू झोपतंय का?' अभ्यास, मार्क, खाणंपिणं यांतलं काही नाही. मला त्याची लाज वाटायची. इतर मुलांचे नातेवाईक शिक्षकांना भेटायचे, आणि ही माझ्या झोपेची चौकशी करायची.

सातवीत असताना एकदा ती आली आणि मी खाली गेलोच नाही. पोट दुखतंय असा निरोप दिला. ती पायरीवर बसून राहिली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी वरच्या खिडकीतून तिचं पांढरं डोकं पाहत होतो. दिवे लागले तशी ती उठली, फडकं बाईंच्या हातात दिलं आणि गेली. रात्री पांघरुणात तोंड घालून मी ती चटणी खाल्ली. मी कॉलेजात गेल्यावरही तिनं हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

दरम्यान गावं पुन्हा उभी राहत होती. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला, देशभरातल्या संस्थांनी हात लावला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशेबानं घरं मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्याहून अधिकवाल्यांना ७५०. आमचं ४५० चं. पक्कं, सरळ भिंतींचं, रुंद रस्त्यावरचं. घर चांगलंच होतं. पण जुन्या गावात मायनं भिंतीपलीकडं हाक मारली की शेजारीण यायची, नव्या गावात हाक पोचत नव्हती. माय सकाळची कामं उरकून जुन्या ओळखीच्या बायका शोधत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. म्हणायची, 'घरं दिली बाबा, गल्ली न्हाई दिली.'

त्या घरात तिनं सामान लावलं, चूल मांडली, देव मांडले. पण झोपली बाहेरच. दारात कडुनिंब लावला आणि त्याच्या सावलीला बाज. माणूस झोपेल त्याच्या वर फळी नको, फळीवर डबा नको, असा तिचा नियम. पाहुणे आले तरी आधी ती वर बघायची, मग अंथरूण टाकायची.

मला नोकरी लागली, लग्न झालं. मुलगी झाली तेव्हा मी तिला घेऊन गावी गेलो. २०१३ चा उन्हाळा असेल. रात्री लिंबाखाली मायच्या बाजेशेजारी मी झोपलो होतो. पहाटे जाग आली. घड्याळ पाहायची गरज नव्हती. माय बाजेवर बसलेली होती आणि माझ्या मुलीकडं बघत होती. मला जागं पाहून म्हणाली, 'काय करूलालास रं? झोप की.'

का कोण जाणे, त्या अंधारात मी विचारून टाकलं, 'माय, मला का धाडलंस?'

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'तुला हितं झोप येत नव्हती.'

आणि तिनं सांगितलं. शेडमध्ये मी रोज पहाटे चारच्या आधी उठून बसायचो. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ देत नसे. खांब धरून उजाडेपर्यंत तसाच. भूकंपापासून जूनपर्यंत, नऊ महिने. मला यातलं काहीच आठवत नाही. ती रोज जागी राहून बघत होती. बहीण लहान होती, तिला कळलं नव्हतं, ती झोपायची. 'हितली माती तुला झोपू देईना. मी काय करू? माती कुठं बदलू?' ती म्हणाली. 'पुन्याला गेल्यावर त्या बाई म्हनाल्या, सहा म्हैन्यानं झोपाया लागला. मंग मी पन जरा पडाया लागले.'

म्हणजे ती दर वेळी रात्रभर प्रवास करून तेवढंच विचारायला येत होती. त्या दिवशी पायरीवर संध्याकाळपर्यंत बसली, तीही तेवढ्याचसाठी. तिला उत्तर मिळालं होतं, म्हणून ती तक्रार न करता उठून गेली.

मी पायरीचा विषय काढला. माफी मागायची होती. तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. 'चटनी खाल्लीस का न्हाई?' म्हणाली. मी हो म्हटलं. 'मंग झालं.'

२०१६ च्या पावसाळ्यात ती गेली. बहीण लातूरला परिचारिका आहे. तिनं शेवटचे दिवस तिचं सगळं केलं. पाऊस होता म्हणून बाज आत घेतली, तर मायनं ती दाराच्या तोंडाशी ठेवायला लावली. तेवढं एक तिचं शेवटपर्यंत राहिलं. एकच गोष्ट तिनं बहिणीला सांगितली होती, ती मी आता तुम्हाला सांगतो, कारण तिचं ओझं तिनं एकटीनं वाहिलं. ती म्हणाली होती, 'त्याला हसू दिलं मी. वरडाया पाहिजे होतं. वढून आनाया पाहिजे होतं गोठ्यात.' आम्हा दोघांना वाचवणारी बाई तेवीस वर्षं स्वतःला त्या एका गोष्टीसाठी दोष देत होती. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही कधी विचारलंच नाही.

दर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्थळावर श्रद्धांजली वाहिली जाते. ती वाहिलीच पाहिजे. किती घरं पडली, किती बांधली, किती खर्च झाला, हे सगळं कागदावर आहे. पण किती आज्या, आत्या, थोरल्या बहिणी त्या सकाळी दुसऱ्यांदा आई झाल्या, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. घरं सरकारनं आणि संस्थांनी बांधली. त्या घरांत राहायला माणसं या बायकांनी तयार केली.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. तुमच्या घरात अशी कुणी म्हातारी असेल, जिनं दुसऱ्याची लेकरं आपली म्हणून वाढवली, तर आज रात्री तिच्याजवळ थोडं बसा. तिनं काय केलं ते तुम्हाला ठाऊकच असेल. तिला काय खुपतंय ते विचारा. मी एक प्रश्न विचारायला एकोणीस वर्षं लावली, आणि दुसरा राहूनच गेला.

येळवशीला आम्ही अजून रानात जातो. बिंदगं आता माझी मुलगी डोक्यावर घेते. पुरुषानंच न्यायचं असतं, असं एक-दोघं म्हणाले. बहीण म्हणाली, 'मायनं सांगितलंय, सांडलं तर सांडू दे.'